कंपनीचा पार्ट की रेसिंगचा पार्ट?
गाडीच्या क्लच, गिअर व एक्सलबाबत गॅरेजवाले, स्पेअर पार्टवाले आणि गाडीमालक यांच्यासाठी एक व्यवहारी धडा

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आले की जाणता दुकानदार ठाण उलगडण्याआधी एक प्रश्न विचारतो, "कशासाठी हवे?" सदऱ्यासाठी वेगळे कापड, गादीच्या खोळीसाठी वेगळे, तंबूसाठी वेगळे. तंबूचे कॅनव्हास सर्वांत मजबूत असते, पण म्हणून त्याचा सदरा शिवून कोणी घालत नाही. मजबुती हा गुण आहेच, मात्र वापर पाहिल्याशिवाय त्या गुणाची किंमत ठरत नाही.

हाच साधा नियम मोटारीच्या धंद्यात मात्र अनेकदा विसरला जातो. आपले कितीतरी तरुण गॅरेज चालवतात, स्पेअर पार्टची दुकाने थाटून बसले आहेत. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो वा पुण्याची नाना पेठ, तेथे रोज असा गिऱ्हाईक येतो जो म्हणतो, "भाई, क्लच लवकर जातो. या वेळी कंपनीचा नको, रेसिंगचा टाका. एकदाच खर्च करू." पार्टवाल्याला मोठी विक्री दिसते, मेकॅनिकला चांगली मजुरी दिसते आणि गिऱ्हाईकही खूश असतो. महिन्या-दोन महिन्यांनी तोच गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतो किंवा कायमचा दुसऱ्या गॅरेजकडे जातो. एका विक्रीत मिळालेला नफा आणि दहा वर्षांत कमावलेली पत यांचा हा सौदा आहे. म्हणून हा विषय थोडा मुळापासून समजून घेऊ.

ताकद इंजिनातून चाकापर्यंत कशी जाते?

इंजिन फिरते तेव्हा ते पुढच्या दांड्याला पीळ देते. या पिळालाच टॉर्क म्हणतात व तो न्यूटन-मीटर या मापात मोजतात. हा पीळ फ्लायव्हीलवरून क्लचमध्ये, क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तेथून डिफरन्शियलमध्ये आणि शेवटी एक्सलवाटे चाकात जातो. वाटेत तो वाढत जातो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मारुती ८०० सारख्या लहान गाडीचे उदाहरण घेऊ. २०१४ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले, पण आपल्या मेकॅनिकांच्या एका पूर्ण पिढीचा हात तिच्यावरच बसला. तिच्या इंजिनाचा पीळ साधारण ६० न्यूटन-मीटर. हिशोबाच्या सोयीसाठी पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आणि शेवटच्या गिअरजोडीचे प्रमाण ४.३ धरू. ६० गुणिले ३.५ म्हणजे २१०, त्याला ४.३ ने गुणले की ९०३. म्हणजे इंजिनाचे ६० चाकांपाशी पोहोचेतो सुमारे ९०० झाले आणि दोन्ही एक्सलवर प्रत्येकी सुमारे साडेचारशेचा भार आला. घर्षणात थोडे वाया जाते, ते येथे सोडून दिले आहे.

हा झाला शांतपणे चालवण्याचा हिशोब. कोणी इंजिन खूप फिरवून क्लचवरून पाय एकदम उचलला, तर फिरणाऱ्या फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ताकद एका झटक्यात बाहेर पडते आणि क्षणभर भार नेहमीपेक्षा कितीतरी वाढतो. म्हणून पार्ट तुटण्यामागे इंजिनाच्या ताकदीपेक्षा पायाची सवय अधिक जबाबदार असते. उस्ताद लोक गाडी तपासण्याआधी चालवणाऱ्याला तपासतात, ते याचसाठी.

कंपनीचा पार्ट कशासाठी बनतो?

कंपनीचा इंजिनिअर पार्ट ठरवताना केवळ ताकद पाहत नाही. थंड सकाळी गाडी सुरू होईल, मे महिन्यात गर्दीत तासभर रांगेत उभी राहील, घाटात माणसांनी भरून चढेल, नवशिका चालवेल आणि हजारो किलोमीटर कोणी खोलून बघणार नाही, हे सारे धरून पार्ट बनतो. क्लचची पकड इंजिनाच्या पूर्ण पिळापेक्षा साधारण सव्वा ते दीड पट ठेवलेली असते. ही शिल्लक घसाऱ्यासाठी आणि उष्णतेसाठी असते.

रेसिंगचा पार्ट बनवणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. गाडी थोडा वेळ चालेल, पण पूर्ण जोरात. प्रत्येक शर्यतीनंतर मेकॅनिकांची टोळी पार्ट खोलून बघेल. आवाज झाला तर हरकत नाही, पेडल जड लागले तरी चालेल.

यातला फरक एका नियमावरून दिसतो. फॉर्म्युला वन शर्यतीत २००८ साली नियम आला की एक गिअरबॉक्स लागोपाठ चार शर्यती टिकलाच पाहिजे. एक शर्यत सुमारे ३०५ किलोमीटरची, म्हणजे चार शर्यतींचे १,२२० किलोमीटर. पात्रता फेरीचे अंतर थोडे वेगळे. जगातील सर्वांत महाग गिअरबॉक्सकडून इतक्या अंतराची हमी घेणे हाही कडक नियम मानला गेला. पुढे ही मुदत वाढवली गेली. आता आपली टॅक्सी पाहा. रोज १२० किलोमीटर चालणारी टॅक्सी १,२०० किलोमीटरचे अंतर दहा दिवसांत कापते. ड्रॅग शर्यतीचे अंतर तर अवघे ४०२ मीटर. त्यासाठी बनलेला माल रोजच्या बाजारहाटाच्या गाडीत बसवायचा, तर आधी विचार हवा.

क्लच

साध्या क्लच प्लेटचे अस्तर तंतू आणि राळेच्या मिश्रणाचे असते. ते हळूहळू पकडते, म्हणून गाडी झटका न देता उचलते. प्लेटच्या मध्यभागी ज्या लहान स्प्रिंगा दिसतात त्या शोभेच्या नाहीत. इंजिनाची थरथर आणि झटके त्या गिळतात व गिअरबॉक्स वाचवतात.

रेसिंगच्या प्लेटवर अनेकदा अखंड अस्तराऐवजी सिरॅमिक-धातूच्या तीन, चार किंवा सहा टिकल्या असतात. ती जास्त उष्णता सोसते आणि घट्ट पकडते. पण ही पकड एकदम येते, मधली अवस्था जवळपास नसते. सिग्नलवर गाडी उचलताना धक्के बसतात. गर्दीत इंच-इंच सरकणे कठीण होते. अशी प्लेट फ्लायव्हीलचा पृष्ठभागही लवकर खाते. काही प्लेटींत मधल्या स्प्रिंगा नसतातच. मग सगळा झटका सरळ गिअरच्या दातांवर जातो.

प्रेशर प्लेट जास्त कडक घेतली तर पेडल जड होते. तेवढाच जास्त भार क्लच केबल, रिलीज बेअरिंग आणि इंजिनातल्या क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. दिवसातून पाचशे वेळा क्लच दाबणाऱ्या माणसाच्या गुडघ्याचा विचारही करावा.

हलक्या फ्लायव्हीलचे तसेच. त्याने इंजिन चटकन फिरते, परंतु गाडी उचलताना इंजिन बंद पडू लागते आणि उभ्या गाडीत थरथर वाढते. जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकदच भरलेली गाडी चढावर उचलून धरते.

गिअर

गाडी मागे घेताना एक विशिष्ट 'कूंऽऽ' आवाज येतो, तो सर्वांनी ऐकला आहे. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स गिअरचे दात सरळ कापलेले असतात, त्याचा तो आवाज. पुढे जाणाऱ्या गिअरचे दात तिरपे कापलेले असतात. एक दात सुटण्याआधी दुसरा लागलेला असतो, म्हणून ते शांत चालतात. रेसिंगच्या गिअरबॉक्समध्ये पुढचे गिअरही बहुधा सरळ दातांचे असतात. तिरपे दात शाफ्टला बाजूने रेटतात, सरळ दात तसे रेटत नाहीत. हा त्यांचा फायदा. बदल्यात रिव्हर्सचा तो आवाज प्रत्येक गिअरमध्ये, दिवसभर ऐकावा लागतो.

शर्यतीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोची पितळी रिंगही बहुधा नसते. गिअर जाड खुंट्यांनी एकदम अडकतात. असा गिअर झटकन टाकावा लागतो. आपल्या सवयीप्रमाणे सावकाश टाकला तर खुंट्यांच्या कडा झिजतात. म्हणजे शांतपणे चालवल्यानेच तो लवकर खराब होतो. रस्त्यावरच्या गाडीशी त्याचे जमत नाही, ते यामुळे.

तेलाबाबत एक सूचना. काही लोक 'जास्त ताकदीचे' म्हणून जीएल-५ तेल कोणत्याही गिअरबॉक्समध्ये ओततात. ज्या गिअरबॉक्सला कंपनीने जीएल-४ सांगितले आहे, तेथे जीएल-५ मधील काही रसायने पितळी सिंक्रो रिंग खाऊ शकतात. पुस्तिकेत लिहिलेलेच तेल घाला. बऱ्याच वेळा जड पडणारा गिअर नुसत्या योग्य तेलाने सुधारतो.

डिफरन्शियल

वळणावर बाहेरचे चाक जास्त चालते. दोन चाकांतले अंतर १.३ मीटर असेल, तर काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा सुमारे २ मीटर अधिक चालावे लागते. हा फरक जुळवून घेण्याचे काम डिफरन्शियल करते. फ्रान्सच्या पेक्युरने १८२७ साली याचे पेटंट घेतले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

त्याचा एक दोष आहे. एक चाक चिखलात घसरू लागले की तेच फिरत राहते आणि दुसऱ्याला ताकद मिळत नाही. त्यावर मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल हा इलाज आहे. त्यात दोन जाती आहेत. गिअरवर चालणारे शांत असते, कमी देखभाल मागते आणि रस्त्यावर चालू शकते. प्लेटींवर चालणाऱ्याच्या प्लेटी झिजतात, त्याला विशिष्ट तेल लागते आणि वळताना ते कटकट आवाज करते. काही हौशी तरुण मात्र खर्च वाचवण्यासाठी डिफरन्शियलचे आतले गिअर वेल्डिंग करून टाकतात. मग वर सांगितलेला दोन मीटरचा फरक प्रत्येक वळणावर टायर घासून भरून काढावा लागतो. टायर जातात, एक्सलवर पीळ चढतो आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळायला नकार देते. वेल्डिंगचे हे काम कोणी कितीही पैसे दिले तरी रस्त्यावरच्या गाडीला करू नये. येथे प्रश्न जिवाचा आहे.

एक्सल आणि सीव्ही जॉइंट

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळताना 'कट-कट' आवाज आला की बाहेरचा सीव्ही जॉइंट गेला असे समजावे. तो ताकद कमी पडल्याने क्वचितच जातो. बहुतेक वेळा त्याचे रबरी बूट फाटते, ग्रीस बाहेर पडते, धूळ आणि पाणी आत जाते व गोळ्या घासल्या जातात. रेसिंगचा महाग एक्सल घातला आणि बूट फाटले तर तोही तितक्याच लवकर जाईल. बूट वेळेवर बदलणे हे या विभागातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. गाडी खड्ड्यावर घेताना प्रत्येक वेळी चारही बूट पाहण्याची सवय आपल्या पोरांना लावा.

फ्यूजच्या जागी जाड तार

विजेचा फ्यूज वारंवार जातो म्हणून कोणी तेथे जाड तार बांधली तर काय होते? फ्यूज जात नाही, मोटर जळते. पिठाच्या गिरणीत भार वाढला की पट्टा घसरतो आणि मोटर वाचते. गाडीत हे काम क्लच करतो. भार मर्यादेबाहेर गेला की तो घसरतो, वास येतो, चालक पाय आवरतो. टायरही तेच करतो, सुटला तर घसरतो आणि भार सोडतो.

आता क्लच दुप्पट पकडीचा केला आणि टायर रुंद, चिकट घातले, तर घसरणारे काही उरत नाही. तो भार पुढच्या कमजोर कडीवर जातो. ती कडी म्हणजे गिअरचा दात, डिफरन्शियलचा पिनियन किंवा एक्सल. क्लच प्लेट बदलणे एका दिवसाचे काम आहे, गिअरबॉक्स फुटला तर खर्च कित्येक पट होतो. म्हणून साखळीतली एकच कडी मजबूत करणे म्हणजे मोडतोड स्वस्त जागेवरून महाग जागेवर नेणे होय. बदलायचे असेल तर पूर्ण साखळीचा विचार करून बदलावे.

आधी रोग ओळखा

पार्ट लवकर गेला तर तो कमजोर होता असे लगेच ठरवू नका. पुढील गोष्टी तपासा.

१. वरच्या गिअरमध्ये ताशी ५० च्या सुमारास मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच घसरतो आहे.

२. घसरत असेल तर प्रथम पेडलचा किंवा केबलचा मोकळेपणा पाहा. केबल ताणलेली असेल तर नवी प्लेटही घसरेल.

३. प्लेट काढल्यावर तिच्यावर तेल आहे का ते पाहा. असेल तर क्रँकची मागची ऑइल सील किंवा गिअरबॉक्सची सील गळते आहे. सील न बदलता रेसिंगची प्लेट घालणे म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी टाकणे.

४. पेडल दाबल्यावर आवाज येतो तेव्हा रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. पेडल दाबल्यावर आवाज बंद होत असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहा.

५. गाडी उचलताना थरथरत असेल तर इंजिनचे माउंटिंग तपासा.

६. सर्व ठीक असेल तर चालकाच्या शेजारी बसून एक फेरी मारा. पाय सतत क्लचवर ठेवणे, चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरणे, या दोन सवयी कोणताही क्लच खातात.

किलोमीटरचा हिशोब

आपण व्यापारी माणसे, तेव्हा हिशोब मांडूनच पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपल्या गावचे भाव आपण घालावेत. समजा कंपनीचा क्लच संच ६,००० रुपयांचा, मजुरी ३,००० आणि आयुष्य ६०,००० किलोमीटर. एकूण ९,००० भागिले ६०,००० म्हणजे किलोमीटरला १५ पैसे. समजा रेसिंगचा संच २४,००० रुपयांचा, मजुरी तीच आणि रोजच्या गर्दीत आयुष्य १५,००० किलोमीटर. २७,००० भागिले १५,००० म्हणजे किलोमीटरला १ रुपया ८० पैसे. बारापट फरक पडला, आणि यात खाल्लेले फ्लायव्हील धरलेले नाही. 'एकदाच खर्च करू' या वाक्याचा अर्थ कागदावर असा निघतो. गिऱ्हाइकासमोर हा कागद मांडला की वाद घालावा लागत नाही.

मग रेसिंगचा पार्ट कोणी घ्यावा?

तो वाईट माल आहे असे मुळीच नाही. जो खरोखर ट्रॅकवर गाडी उतरवतो, श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथे किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर भाग घेतो, त्याला तो लागतोच. तेथे साधा क्लच उष्णतेने जळेल आणि शर्यत वाया जाईल. अशा गिऱ्हाइकाला कंपनीचा पार्ट देणे हीही फसवणूकच.

तिसरा मार्गही आहे आणि बहुतेक हौशी गिऱ्हाइकांसाठी तोच योग्य ठरतो. ज्याने टर्बो डिझेल गाडीचे इंजिन ट्यून करून पीळ पाव पटीने वाढवला आहे, त्याची कंपनीने ठेवलेली शिल्लक जवळपास संपलेली असते. त्याला साध्याच अस्तराची, मध्ये स्प्रिंगा असलेली प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट पुरते. पकड वाढते आणि गाडी शहरात चालवण्याजोगी राहते. नियम असा धरावा की गरजेपेक्षा एक पायरी वर जावे, पाच पायऱ्या नव्हे.

माल घेताना डब्यावरच्या अक्षरांवर जाऊ नका. 'रेसिंग' हा शब्द कोणीही छापू शकतो. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. हा क्लच किती न्यूटन-मीटर पीळ पेलतो? अस्तर कशाचे आहे? मध्ये स्प्रिंगा आहेत का? ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत त्याच्याकडचा माल शर्यतीलाही चालणार नाही आणि रस्त्यालाही. कंपनीच्या नावाचा नकली मालही बाजारात भरपूर आहे. पार्ट नंबर जुळवा आणि पक्के बिल घ्या.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. झिजलेली क्लच प्लेट बदलणे ही दुरुस्ती आहे. मात्र इंजिन बदलायचे तर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. गाडी वॉरंटीत असेल किंवा बदल विमा कंपनीला कळवला नसेल, तर पुढे दाव्याच्या वेळी वाद उभा राहू शकतो. हे गिऱ्हाइकाला काम करण्याआधी सांगणे आपले कर्तव्य आहे.

पाच प्रश्न

गॅरेजच्या भिंतीवर हे पाच प्रश्न लिहून ठेवावेत आणि गिऱ्हाइकाला क्रमाने विचारावेत. गाडी कोठे आणि रोज किती चालते? कोण कोण चालवते? इंजिनात काही बदल केला आहे का? आधीचा पार्ट किती किलोमीटर टिकला? आणि तो का गेला, हे कोणी खोलून पाहिले का? या पाच उत्तरांनंतर दहापैकी बहुतेक गाड्यांना कंपनीचा पार्ट, एक सील आणि एक रबरी बूट एवढेच लागेल.

अशा दिवशी विक्री कमी होईल हे खरे. पण ज्या गिऱ्हाइकाचे वीस हजार रुपये आपण वाचवले, तो आपल्या भावाची, मेहुण्याची आणि शेजाऱ्याची गाडी घेऊन येतो. कारागिराचा हात आणि व्यापाऱ्याची जबान यांवरच बाजारात नाव टिकते. तेव्हा पाना उचलण्याआधी विचारून घ्या, कशासाठी हवे?